पट्टी की ग्लू: अमेरिकेतल्या ओशा-लॉगमध्ये कोणती इजा नोंदवायची, हे कसं ठरवायचं

पत्र्याला लागून बोट चिरलं. डॉक्टरांनी जखम धुतली, स्टेरी-स्ट्रिपच्या तीन पट्ट्या लावल्या, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. माणूस तासाभरात मशीनवर परत. लॉगमध्ये, म्हणजे कामावरच्या इजा-आजारांच्या रजिस्टरमध्ये, नोंद नाही. तीच जखम, तेवढंच रक्त, पण डॉक्टरांनी पट्ट्यांऐवजी जखम बंद करायचा ग्लू वापरला, तर नोंद करावीच लागते. सुट्टी दोन्हीकडे शून्य.

नवख्या माणसाला हा फरक हास्यास्पद वाटतो. पण अमेरिकेतल्या ओशाची, म्हणजे तिथल्या कामगार सुरक्षा प्रशासनाची, नोंदीची पद्धत अशीच आहे. जखम किती मोठी दिसते हे ती विचारत नाही, उपचार काय झाला किंवा काय सांगितला गेला हे विचारते. नियम संघीय संहितेच्या शीर्षक २९ मधल्या भाग १९०४ मध्ये आहेत. आजचं त्यांचं रूप १ जानेवारी २००२ पासूनचं आहे, मधल्या दुरुस्त्या वेगळ्या.

चाकण-रांजणगावात अमेरिकी मूळ कंपनीच्या कारखान्यात सेफ्टी बघणाऱ्यांना, किंवा पुण्यात बसून तिकडच्या प्लांटचे लॉग सांभाळणाऱ्यांना यात एक हमखास अडचण येते. आपल्याकडे जुन्या फॅक्टरी ॲक्टच्या कलम ८८ मुळे ‘४८ तास कामावर येता आलं नाही तर अपघात कळवायचा’ हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मग ‘दुसऱ्या दिवशी कामावर आला ना, सोडून द्या’ असं होतं आणि लॉगमधल्या निम्म्या केसेस तिथेच गळतात. ओशाच्या हिशेबात ४८ तासांना काही अर्थ नाही. भारतातल्या प्लांटला ओशाचा कायदा लागू होत नाही. मूळ कंपनी आकडे त्या व्याख्येने मागते म्हणून इथे तो वापरतात. भारतीय कायद्याच्या नोटिसा आणि रजिस्टर त्यामुळे टळत नाहीत.

आधी हे बघा: लॉग ठेवावा लागतो का?

मागच्या पूर्ण कॅलेंडर वर्षात कधीही माणसांची संख्या दहाच्या वर गेली नसेल, तर रोजचा लॉग ठेवायची गरज नाही. संख्या अख्ख्या कंपनीची धरायची, एका दुकानाची नाही. अर्धवेळ आणि हंगामी माणसंही मोजायची. ज्यांची एकाच मालकीची चार छोटी दुकानं आहेत ते इथेच चुकतात. एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर तो मालक आणि भागीदारीतले भागीदार मात्र कर्मचारी धरले जात नाहीत.

शिवाय कमी धोक्याच्या काही उद्योगांना माणसं कितीही असली तरी नेहमीच्या लॉगमधून सूट आहे. संगणक-सेवा, डॉक्टर आणि डेंटिस्टचे दवाखाने, पेट्रोल पंप, रेस्टॉरंट ही त्या यादीत आहेत. हॉटेल-मोटेल, किराणा स्टोअर आणि इस्पितळं नाहीत. म्हणजे पंप आणि मोटेल शेजारी-शेजारी चालवणाऱ्याला एकाचा लॉग लागत नाही, दुसऱ्याचा लागतो.

या दोन्ही सवलती फक्त लॉगपुरत्या. कामाशी संबंधित मृत्यू झाला तर ८ तासांत, आणि इस्पितळात दाखल व्हावं लागलं, अवयव तुटला किंवा डोळा गेला तर २४ तासांत ओशाला कळवणं प्रत्येक मालकाला बंधनकारक आहे, माणसं दोन असोत की दोन हजार. मृत्यू घटनेपासून ३० दिवसांच्या आत झाला असेल तर कळवायचा, बाकीचे प्रकार घटनेपासून २४ तासांच्या आत घडले असतील तर. नुसतं निरीक्षणासाठी किंवा तपासण्यांसाठी रात्रभर ठेवून घेतलं तर ते या ‘दाखल’मध्ये येत नाही. कॅलिफोर्निया, मिशिगन, वॉशिंग्टन अशा काही राज्यांच्या स्वतःच्या यंत्रणा आहेत. काय नोंदवायचं हे तिथेही तेच आहे, पण तातडीने कळवायचे नियम कुठे कुठे वेगळे आहेत. ते त्या राज्याच्या कार्यालयाकडून तपासून घ्या.

प्रश्नांचा क्रम मोडू नका

चार प्रश्न, याच ओळीने: इजा किंवा आजार खरंच झाला आहे का? तो कामाशी संबंधित आहे का? केस नवी आहे का? आणि शेवटी, ती नोंदीच्या निकषात बसते का? बहुतेक गोंधळ शेवटच्या प्रश्नावर आधी उडी मारल्याने होतो. टाके पडले म्हणून थेट लॉगमध्ये लिहिलं आणि मग कळलं की माणूस जेवणाच्या सुट्टीत घरून आणलेलं सफरचंद कापत होता. ती केस दुसऱ्याच प्रश्नावर संपली होती.

घटना घडली पण कुणाला काही झालं नाही, तर पहिल्याच प्रश्नावर थांबायचं. क्लोरीनचा वास आला, दहा जणांना तपासायला पाठवलं, कुणालाच लक्षण नाही. तपासणी झाली म्हणून नोंद होत नाही.

कामाशी संबंध

इथे गृहीतक मालकाच्या विरुद्ध आहे. कामाच्या जागेतल्या घटनेमुळे किंवा संपर्कामुळे इजा झाली, तिला हातभार लागला, किंवा जुनं दुखणं लक्षणीय वाढलं, तर ती कामाशी संबंधित. चूक कुणाची हा प्रश्नच नाही. कामगाराने गार्ड काढून ठेवला होता, दोघं मस्करी करत होते, नियम मोडला होता, यातलं काहीही नोंद टाळायला उपयोगी पडत नाही. उलट बाजूने, नोंद केली म्हणजे मालकाने चूक कबूल केली असंही होत नाही. विम्याच्या नुकसानभरपाईचा निकाल वेगळा, हा लॉग वेगळा. भरपाई नाकारली गेलेली केसही लॉगमध्ये असू शकते.

सुटका फक्त ठरावीक अपवादांतून. माणूस त्या वेळी ग्राहक म्हणून तिथे आला होता. लक्षण कामावर दिसलं पण कारण पूर्णपणे बाहेरचं होतं. स्वतःहून व्यायामवर्गात, रक्तदानात किंवा फ्लूच्या लशीत भाग घेतला होता. स्वतःसाठीचं खाणंपिणं, मात्र मालकाने दिलेल्या जेवणातून विषबाधा झाली, किंवा हाताला लागलेलं शिसं जेवणातून पोटात गेलं, तर तो अपवाद लागू नाही. ठरलेल्या वेळेबाहेर कामाच्या जागी केलेलं खासगी काम. स्वतःची दाढी-वेणी, बाहेरच्या दुखण्यासाठी स्वतः घेतलेलं औषध, किंवा स्वतः मुद्दाम करून घेतलेली इजा. साधी सर्दी आणि फ्लू. मानसिक आजारही अपवादात आहे, पण कर्मचाऱ्याने आपणहून योग्य प्रशिक्षणाच्या तज्ज्ञाचं ‘हे कामामुळे’ असं मत आणून दिलं तर नोंदवायचा.

पार्किंगचा अपवाद सगळ्यात जास्त चुकीचा वाचला जातो. कामावर येता-जाता कंपनीच्या पार्किंगमध्ये गाडीला गाडी धडकली, तर नोंद नाही. पण गाडी लावून, उतरून, दाराकडे चालताना बर्फावर घसरून मनगट मोडलं, तर नोंद आहे. सूट वाहन-अपघाताला आहे, पार्किंगच्या जागेला नाही. हिवाळ्यात शिकागो-डेट्रॉइटकडच्या प्लांटच्या लॉगमध्ये अशी एकही केस नसेल तर लॉग नीट ठेवला जातोय का, असा संशय यायला हरकत नाही.

घरून काम करताना इजा प्रत्यक्ष कामामुळे झाली पाहिजे. ऑफिसच्या कागदांचा खोका पायावर पडला तर नोंद. ऑफिसचा फोन घ्यायला धावताना घरचा कुत्रा पायात आला आणि पडलात, तर नाही. घराच्या खराब वायरिंगचा शॉक बसला तरी नाही. दौऱ्यावर असताना हॉटेलमध्ये सामान टाकलं की ते तात्पुरतं घर समजायचं. तिथल्या बाथरूममध्ये घसरणं नोंदीत येत नाही, क्लायंटच्या प्लांटमध्ये घसरणं येतं.

प्रथमोपचार कुठे संपतो

खरा वेळ इथे घालवा. मृत्यू, कामावरची गैरहजेरी, कामावर बंधन किंवा बदली, बेशुद्धी, आणि प्रथमोपचारापलीकडचा वैद्यकीय उपचार, यातलं काहीही एक झालं की नोंद. याशिवाय डॉक्टरांनी निदान केलेलं हाडाचं फ्रॅक्चर किंवा तडा, फाटलेला कानाचा पडदा, कॅन्सर आणि बरा न होणारा दीर्घ आजार. यांना उपचार झाला नाही तरी नोंद. करंगळीच्या हाडाला केसाएवढा तडा गेला आणि डॉक्टर म्हणाले ‘काही करायची गरज नाही’, तरी लॉगमध्ये ओळ येते.

प्रथमोपचार म्हणजे काय हे नियमाने १४ बाबींत बांधून टाकलं आहे. यादी पूर्ण आहे: त्यात नाही ते वैद्यकीय उपचार. आणि तो कुणी केला याला महत्त्व नाही. सर्जनने बॅण्डेज बांधलं तरी तो प्रथमोपचार, आणि कंपनीच्या नर्सने टाका घातला तरी तो वैद्यकीय उपचार. ‘डॉक्टरकडे नेलं म्हणून रेकॉर्डेबल (नोंद करावीच लागणारी)’ आणि ‘आपल्याच फर्स्ट एड रूममध्ये केलं म्हणून नाही’, ही दोन्ही वाक्यं ऑडिटमध्ये टिकत नाहीत.

जखमेपुरतं: धुणं, बॅण्डेज, गॉझ, फुलपाखरी पट्टी, स्टेरी-स्ट्रिप, धनुर्वाताची लस हे प्रथमोपचार. टाके, स्टेपल, ग्लू हे उपचार. लशींमध्ये सूट फक्त धनुर्वाताला. हिपॅटायटिस-बी किंवा रेबीजची लस जखमेनंतर दिली तर ती उपचारात जाते.

सांध्यापुरतं: लवचीक क्रेप बॅण्डेज, गुंडाळपट्टी, कमरेचा पट्टा चालतो. आत धातूची किंवा प्लास्टिकची कडक पट्टी असलेला मनगटाचा ब्रेस, हालचाल बंद करण्यासाठी दिला, की उपचार झाला. दवाखान्यात नेईपर्यंत बांधलेली फळी मात्र प्रथमोपचार. गरम-थंड शेक कितीही वेळा दिला तरी प्रथमोपचार. मसाज प्रथमोपचारात येतो; फिजिओथेरपी आणि कायरोप्रॅक्टिक (हातांनी मणके-सांधे बसवणं) उपचारात जातात.

नखाखाली रक्त साकळलं म्हणून भोक पाडणं, फोडातलं पाणी काढणं, डोळ्यावर झाकण, बोटाची टोपी, हेही यादीत आहे. उन्हाने किंवा भट्टीजवळ त्रास झाला म्हणून पाणी-सरबत पाजलं तर प्रथमोपचार. सलाईन लावलं तर उपचार. आपल्याकडे ‘जरा अशक्तपणा वाटतोय, एक बाटली चढवा’ ही सवय आहे. आकडे तिकडे पाठवायचे असतील तर ती एक बाटली एका रेकॉर्डेबल केसची किंमत घेते. आणि तो माणूस क्षणभर जरी बेशुद्ध पडला असेल, तर पाणी की सलाईन हा प्रश्नच उरत नाही. नोंद ठरलेली.

गोळ्यांचं गणित वेगळं शिकावं लागतं. दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारं औषध, त्याच ताकदीत, म्हणजे प्रथमोपचार. तेच औषध डॉक्टरांनी चिठ्ठीच्या ताकदीत घ्यायला सांगितलं तर उपचार. ओशाने धरलेली सीमा आयब्युप्रोफेनला एका डोसमध्ये ४६७ मिलिग्रॅम आणि नॅप्रॉक्सेन सोडियमला २२० मिलिग्रॅम आहे, त्याच्या वर गेलं की नोंद. म्हणजे २०० च्या दोन गोळ्या एकदम घ्यायला सांगितल्या तर ठीक, तीन सांगितल्या तर नाही. फक्त चिठ्ठीवर मिळणारं औषध असेल तर एकच डोस पुरतो. चिठ्ठी लिहिली आणि माणसाने औषध घेतलंच नाही, तरी सल्ला दिला गेला म्हणून नोंद.

एक्स-रे, रक्त तपासणी, निदानासाठी डोळ्याची बाहुली मोठी करायचे थेंब हे उपचार नाहीत. नुसतं निरीक्षण आणि समजावणंही नाही. एक्स-रे स्वच्छ आला, क्रेप बॅण्डेज बांधलं, घरी पाठवलं: नोंद नाही.

डोळ्याची केस जवळून बघण्यासारखी आहे, कारण फॅब्रिकेशन शॉपमध्ये ती सतत येते आणि चुकते. ग्राइंडिंग करताना कण उडाला. नर्सने पाण्याने धुवून किंवा ओल्या कापसाच्या काडीने काढला. इथपर्यंत प्रथमोपचार. कण रुतलेला निघाला, डॉक्टरांनी सुईने किंवा चिमट्याने काढला: उपचार. हातातलं किंवा पायातलं कुसळ चिमट्याने काढणं प्रथमोपचारात बसतं, डोळ्यातला कण चिमट्याने काढणं बसत नाही. आता तिसरी शक्यता. कण काडीनेच निघाला, सगळे खुश, पण जाताना डॉक्टरांनी ‘खबरदारी म्हणून’ अँटिबायोटिक थेंब लिहून दिले. केस रेकॉर्डेबल झाली. सुपरवायझरचा रिपोर्ट ‘कापसाने काढला’ इथे थांबतो. थेंब सापडतात ते दवाखान्याच्या कागदावर. म्हणून सुपरवायझरच्या शब्दावर केस बंद करू नका, दवाखान्याचा कागद मागवा.

दिवस मोजताना

इजेचा दिवस मोजायचा नाही. दुसऱ्या दिवसापासून कॅलेंडरचे सगळे दिवस मोजायचे, शनिवार-रविवार आणि सुट्टीसह. गुरुवारी लागलं, डॉक्टर म्हणाले पाच दिवस विश्रांती: शुक्रवार ते मंगळवार, पाच दिवस. कामगार सोमवारीच ओव्हरटाइमसाठी हजर झाला तरी आकडा पाचच राहतो. उलट डॉक्टरांनी पाच सांगितले आणि तो आठ दिवस आला नाही, तरी पाच. शुक्रवारी लागलं आणि सोमवारी नेहमीसारखा आला, तर मधले दोन दिवस डॉक्टरांनी ‘काम करू नका’ म्हटलं असेल तरच मोजायचे. गैरहजेरी आणि बंधनाचे दिवस मिळून १८० झाले की मोजणी थांबवली तरी चालते.

बंधन म्हणजे रोजच्या कामातलं एखादं काम करता न येणं, किंवा पूर्ण शिफ्ट करता न येणं. ‘रोजचं’ म्हणजे आठवड्यातून किमान एकदा करायचं काम. पॅकिंगवाल्याला पाच किलोवर उचलू नका सांगितलं आणि त्याचे खोके वीस किलोचे आहेत, तर बंधन आलं. वर्षातून दोनदा शिडी चढणाऱ्याला शिडी बंद केली, तर नाही. फक्त इजेच्या दिवशीची उरलेली शिफ्ट हलकं काम दिलं, तर नाही. माणूस हळू काम करतोय पण सगळं करतोय, तेही नाही.

डॉक्टरांच्या कागदावर नुसतं ‘लाइट ड्यूटी’ किंवा ‘आठवडाभर जपून’ लिहिलेलं असतं. तेव्हा फोन करून दोनच गोष्टी विचारा: हा माणूस त्याची रोजची सगळी कामं करू शकतो का? पूर्ण शिफ्ट करू शकतो का? दोन्हींना हो असेल तर बंधन नाही. उत्तर मिळालंच नाही, तर बंधन धरून नोंदवायचं. हा फोन उपचार बदलायला लावण्यासाठी नाही. ‘टाक्यांऐवजी पट्ट्या लावता का’ असं विचारणाऱ्या प्लांटची माहिती तपासणी अधिकाऱ्यापर्यंत पोचते, आणि मग चर्चा एका केसवर राहत नाही. दोन डॉक्टरांची मतं वेगळी असतील तर जास्त कागदोपत्री आधार असलेलं, नीट कारणं दिलेलं मत घ्या. पण दुसरं मत येण्याआधी उपचार झाला असेल, तर तो झालाच.

जुनं दुखणं की नवी केस

त्याच अवयवाला तसंच दुखणं आधी झालं नसेल, किंवा पूर्ण बरं होऊन कामावरच्या नव्या घटनेने परत उसळलं असेल, तर नवी केस. सिलिकोसिस, ॲस्बेस्टॉसिससारखा धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार एकदाच नोंदवायचा, लक्षणं पुन्हा पुन्हा आली तरी. कामावरच्या संपर्काने उठणारा दमा मात्र प्रत्येक नव्या संपर्कागणिक वेगळी केस.

दोन खास प्रकार वरच्या निकषांच्या बाहेर आहेत. दुसऱ्याच्या रक्ताने दूषित सुई टोचली की उपचार न बघता नोंद, आणि नाव न लिहिता, गोपनीय केस म्हणून. ऐकण्याच्या बाबतीत, आधीच्या ऑडिओग्रामच्या (ऐकण्याच्या चाचणीच्या) तुलनेत एका कानात २०००, ३००० आणि ४००० हर्ट्झची सरासरी १० डेसिबल किंवा जास्त घसरली आणि त्याच कानाची एकूण पातळी शून्याच्या वर २५ डेसिबल किंवा जास्त झाली, तर नोंद. ३० दिवसांत फेरचाचणी करायची मुभा आहे. सर्दी झालेल्या माणसाची चाचणी झाली असेल तर ती जरूर करा.

कागदावर

केस कळल्यापासून सात कॅलेंडर दिवसांत फॉर्म ३०० वर, म्हणजे लॉगवर, ओळ आणि फॉर्म ३०१ वर तपशील. गंभीरतेचा एकच रकाना निवडायचा, सगळ्यात वरचा: आधी मृत्यू, मग गैरहजेरी, मग बंधन किंवा बदली, मग बाकीच्या केसेस. एजन्सीची माणसं असतील तर रोजची देखरेख कोण करतो तो नोंदवतो, पगार कोण देतो तो नाही. केस दोघांच्या लॉगमध्ये लिहू नका.

वर्ष संपल्यावर फॉर्म ३००-ए, म्हणजे वर्षाचा गोषवारा, कंपनीच्या वरिष्ठाच्या सहीने, १ फेब्रुवारी ते ३० एप्रिल भिंतीवर. एकही केस नसेल तरी शून्य लिहून लावायचा. ठरावीक आकाराच्या आणि उद्योगांच्या आस्थापनांना २ मार्चपर्यंत ऑनलाइनही भरावा लागतो.

इजांचा दर काढताना केसेसना २,००,००० ने गुणून एकूण कामाच्या तासांनी भागायचं. ४० माणसांच्या प्लांटमध्ये वर्षाचे साधारण ८०,००० तास होतात, तिथे एका केसने दर २.५ होतो. भारतीय मानक ३७८६ प्रमाणे काढलेला दर दहा लाख तासांवर असतो, त्यामुळे दोन्ही आकडे एकाच तक्त्यात ठेवले की मुख्यालयातून फोन येतो.

लॉग त्या वर्षानंतर पाच वर्षं ठेवायचा, आणि तो कपाटात कुलूपबंद झाला असं समजायचं नाही. मार्चमध्ये ‘पट्ट्या लावल्या, नोंद नाही’ म्हणून सोडलेल्या बोटाला एप्रिलमध्ये पू झाला आणि चिठ्ठीचं अँटिबायोटिक लागलं, तर ओळ आता भरायची, इजेची तारीख मार्चचीच ठेवून. नोंदवलेली केस निकषात नव्हतीच असं नंतर कळलं, तर त्या ओळीवर रेघ मारायची.